जावाचं इंजिन आणि नववीचा हजेरीपट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता, 'एआय आणि आपली मुलं'. मी गेली तेवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, तेव्हा मी यावर बोलावं ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहा वाजल्यापासून व्याख्यानं येत असतात. म्हणून मी समितीची परवानगी घेऊन विषय बदलला. मी आज एका मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. ती मोटारसायकल तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे, आणि काहींनी तिच्यावर बसून शाळेत उशिरा पोचण्याचं पापही केलेलं आहे.

माझे वडील इथल्या सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे १९७१ ची जावा होती. तांबडी-मरून टाकी, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पट्टे, सिलिंडर एकच आणि सायलेन्सर मात्र दोन. गाय अडली, म्हैस आडवी पडली, की रात्री-अपरात्री ती गाडी निघायची. पंचक्रोशीत तिचा आवाज ओळखीचा होता. भूगोलाच्या तासाला रस्त्यावरून तो आवाज गेला, की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल.

जावा हे नाव झेक आहे. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली प्रागमध्ये 'वाँडरर' या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. आपल्याकडे इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तिथे या गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांचंच नाव येझदी झालं. १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे आज ही गाडी ज्याच्याकडे आहे, त्याच्या पाठीशी तो मूळ कारखाना नाही. असतील तर जुने मिस्त्री आहेत, आणि एकमेकांचे फोन नंबर सांभाळून ठेवणारे हौशी लोक आहेत.

२००३ साली वडील गेले. गाडी पडवीत उभी राहिली ती एकोणीस वर्षं तशीच. आई माझ्याकडे पुण्याला आली, घराला कुलूप लागलं. दोन-तीन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांना एकदम भाव आला. २०२२ च्या गणपतीत एक गिऱ्हाईक घरी येऊन गाडी बघून गेलं आणि आहे त्या स्थितीत घेतो म्हणालं. आकडा वाईट नव्हता. आईला विचारलं. ती म्हणाली, "विकायची तर विक. पण चालू करून विक. मढं विकू नको."

आता यावर काय बोलणार? त्या दिवाळीत मी गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या मदतीने इंजिन फ्रेममधून सोडवलं आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर, आमच्या मागच्या गॅलरीत नेलं. तिथे पुढचे चौदा महिने, दर शनिवार-रविवारी, माझा कारखाना चालला.

मी इंजिनिअर आहे हे खरं. पण माझी पदवी कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये सहा महिने हातात कानस धरली तेवढीच. त्यामुळे मी सुरुवातीलाच एक नियम केला : कुठलीही गोष्ट सोडवण्याआधी तिचा फोटो काढायचा, वहीत चित्र काढायचं आणि नट-बोल्ट कुठल्या जागचा ते लिहून ठेवायचा. इतक्या सुट्या भागांसाठी डबे कुठून आणायचे हा प्रश्न घरातच सुटला. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या वाट्या प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे साठ निघाल्या. प्रत्येक वाटीवर चिठ्ठी : 'क्लच, बाहेरून दुसरा', 'गिअरच्या दांड्याची चकती, डावी'. संक्रांतीला आलेल्या बायका त्या वाट्यांकडे बघून काय म्हणाल्या ते मी सांगत नाही.

पिस्टन अडकून बसला होता. एकोणीस पावसाळ्यांची दमट हवा सिलिंडरमध्ये गेलेली, त्यामुळे रिंगा गंजाने चिकटल्या होत्या. अशा वेळी हातोडी मारायची नसते. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल एकत्र करून ओतायचं आणि थांबायचं. आठ दिवसांनी पुन्हा ओतायचं. चौथ्या आठवड्यात लाकडी ठोकळा धरून हलका दाब दिला, आणि तो केसभर हलला. खरोखरच केसभर. पण एकदा हलला की सगळंच हलतं. त्या दिवशी आईने शिरा केला.

टू-स्ट्रोक इंजिन कसं चालतं हे दोन मिनिटांत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला झडपा असतात. जावात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल तिथे ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन खिडकीतून वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे पिस्टन वरून इंजिन आहे आणि खालून पंप आहे. पेट्रोलमध्येच साधारण चार टक्के तेल मिसळलेलं असतं, त्यावरच आतले बेअरिंग जगतात.

आता या पंपाला दोन्ही बाजूंनी रबराची सीलं असतात, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. क्रँकचा दांडा त्यांतून बाहेर येतो. ती सीलं वाळून कडक झाली की पंप गळतो. एका बाजूने फुकटची हवा ओढली जाते, पेट्रोल आणि तेल प्रमाणात कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्समधलं तेल ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचे लोट निघतात. गाडी बाहेरून कितीही चकाचक करा, नवा रंग द्या, क्रोम चढवा. ही दोन सीलं वाळलेली असतील तर ती गाडी दहा किलोमीटरही धड जाणार नाही. आणि ती बदलायला इंजिन पूर्ण उघडून क्रँक बाहेर काढावा लागतो. विकाऊ गाड्यांमध्ये हे काम सहसा कुणी करत नाही, कारण ते दिसत नाही.

माझ्या रोजच्या कामात आणि या कामात एक मोठा फरक आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले जे काही बदलतो, त्याची आधीची प्रत शिल्लक असते. चुकलं तर कालच्या स्थितीला परत जायचं. त्यामुळे आमच्यात 'करून तर बघू' ही वृत्ती मुरलेली असते. धातूला कालची स्थिती नसते. सिलिंडरमधून एकदा कातून काढलेलं लोखंड पुन्हा त्यात जात नाही.

हे मला नवीन होतं का? नाही. हे मला आपल्याच शाळेत शिकवलेलं होतं, फक्त दुसऱ्या खोलीत. तुम्हाला आठवत असेल, आठवीपासून आठवड्यातले काही तास मुलगे तांत्रिक विभागाच्या कार्यशाळेत जायचे आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात. लेथ आणि भाता काचेतून दिसायचा, पण आमच्यासाठी ती खोली नव्हती. का नव्हती, असं त्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कुणाला उत्तर देता आलं असतं असं वाटत नाही. शिवणाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला सांगायचात, "शिलाई उसवता येते, कापलेलं कापड उसवता येत नाही. कात्री शेवटी." चौदा महिने माझ्या गॅलरीच्या भिंतीवर हेच वाक्य खडूने लिहिलेलं होतं : कात्री शेवटी. आधी धुवायचं, मग मोजायचं, मग पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजायचं. कातणं सगळ्यात शेवटी.

तर मोजलं. जावाचा सिलिंडर मुळात ६५ मिलिमीटर व्यासाचा, आणि पिस्टन वर-खाली ७५ मिलिमीटर फिरतो. गुणाकार केला की साधारण २४९ घनसेंटिमीटर येतात, म्हणजेच आपण म्हणतो ते अडीचशे सीसी. आमच्या पिस्टनच्या डोक्यावर ६५.५० असा शिक्का होता, म्हणजे वडिलांच्या काळात एकदा तरी सिलिंडर बोअर झालेला. खाली, जिथे रिंगा पोचत नाहीत, तिथे माप बरोबर होतं. वर मात्र एका बाजूची भिंत ०.१८ मिलिमीटरने झिजलेली. आपल्या वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा, साधारण तेवढं. क्रँकचं काम त्याहून अवघड होतं. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग खिळखिळं झालं होतं, आणि जावाचा क्रँक प्रेसने दाबून बसवलेला असतो. तो उघडायला प्रेस लागतो आणि पुन्हा जोडल्यावर सरळ करायला सवयीचा हात लागतो. हे गॅलरीत होणारं काम नव्हे.

पुण्यात दोन-तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने वस्तू हातातही न घेता सांगितलं, "ताई, भंगारात टाका. आणि साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." साहेब त्या वेळी घरी वाटण्याची पोळी लाटत होते, त्यांना क्रँक आणि कंगवा यांतला फरक कळत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, "जावाचा क्रँक ना? कोल्हापूरला उद्यमनगरात जा." आणि एका गल्लीचा पत्ता दिला.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ओतकामापर्यंत तिथे काय होत नाही? दहा बाय पंधराच्या गाळ्यात बाप-लेक दोन लेथ चालवतात आणि त्यांचा माल कुठल्या कुठे जातो. मी त्या गाळ्यात पिशवी घेऊन उभी राहिले. लेथवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "जावा हाय न्हवं? कुणाची?"

मी म्हटलं, वडिलांची. गावाचं नाव सांगितलं.

लेथ बंद झाला. "म्हंजे जनावरांच्या डॉक्टरांची? मग तू आमच्या वर्गात हुतीस की."

मित्रांनो, तो नववी 'ब' मध्ये आपल्याबरोबर होता. खिडकीकडच्या रांगेत, मागून दुसरा बाक. त्याचं नाव मी घेणार नाही, तसं त्याला सांगितलेलं आहे. नववीची वार्षिक परीक्षा व्हायच्या आत त्याच्या घरी अडचण आली आणि तो कोल्हापूरला मामाकडे कामाला लागला. गाळा झाडण्यापासून सुरुवात. आज गाळा त्याचा आहे, तीन माणसं कामाला आहेत, आणि जुन्या गाड्यांचे क्रँक त्याच्याकडे कुठून कुठून पार्सलने येतात.

त्याने सिलिंडर हातात घेतला, अंगठा आतून फिरवला आणि म्हणाला, "सहासष्ट लागंल." मी वही काढली. माझा हिशोब होता की ६५.७५ चा पिस्टन मिळतो, तर कमीत कमी लोखंड काढावं. त्याने माझ्या वहीवर बोट ठेवलं. व्यास पाव मिलिमीटरने वाढवला तर एका बाजूने निघणार ०.१२५. झीज आहे ०.१८, आणि तीही एकाच बाजूला. ती बाजू साफ करायची तर भोकाचा मध्य सरकवावा लागेल, आणि मध्य सरकला की पिस्टन तिरका चालणार. मध्य जागेवर ठेवायचा तर ६६. सगळं गणित माझ्याच वहीत होतं, त्याचं वाचन त्याचं होतं. त्याने ते अंगठ्याने आधी केलं आणि मायक्रोमीटरने मग ताडून बघितलं.

बोअर झाल्यावरचं काम मला सगळ्यात आवडलं. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला खिडक्या असतात, आणि बोअर करताना त्या खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. तशाच ठेवल्या तर रिंग त्यांत अडकून तुटते. म्हणून त्या कडा हाताने, बारीक कानशीने, अगदी थोड्या मोडाव्या लागतात. याला मशीन नाही. तो दिव्याखाली बसला आणि अर्धा तास सिलिंडरच्या आत बोटभर कानस चालवत राहिला. मधेच थांबून म्हणाला, "सरांनी सहा हप्ते एकच तुकडा घासाय लावल्याला. आठवतंय का तुला?"

मला आठवणं शक्य नव्हतं, मी शिवणाच्या वर्गात होते. पण इथल्या मुलग्यांना नक्की आठवत असेल. कार्यशाळेचे सर प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा द्यायचे आणि तो कानशीने सपाट करायला सांगायचे. गुण्या लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. गुण्याखालून उजेड दिसला की परत घासायला. "उजेड दिसता कामा नये," एवढंच सर बोलायचे म्हणे. सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. तुमचा तो विद्यार्थी नववीही पूर्ण करू शकला नाही, त्याची गुणपत्रिका शाळेच्या दप्तरात नाही. पण तुम्ही शिकवलेलं तीस वर्षं रोज वापरणारा माणूस आपल्या तुकडीत कोण, असं कुणी विचारलं, तर मी त्याचंच नाव सांगेन.

क्रँक त्याने माझ्यासमोर सरळ केला. नवा रॉड, नवं बेअरिंग, प्रेसमध्ये दाबून बसवलं. मग दोन सेंटरांच्या मध्ये धरून हळूहळू फिरवायचा आणि डायल गेजच्या काट्याकडे बघायचं. सुरुवातीला काटा बारा थाऊ हलत होता. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, पुन्हा फिरवायचं. पुन्हा एक ठोका. कुठे मारायचं आणि किती जोरात, हे मी तासभर बघूनही मला सांगता येणार नाही. काटा एका थाऊच्या आत आल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली. कामाचे पैसे त्याने पूर्ण घेतले आणि छापील पावती दिली. वर्गमैत्रीण म्हणून सूट दिली नाही. मला त्याचा फार आदर वाटला.

निघताना मी त्याला आजच्या मेळाव्याचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "दहावीचा मेळावा न्हवं त्यो? मी दहावीत कुठं हुतो?"

हे वाक्य घेऊन मी पुण्याला आले, आणि ते काही केल्या खाली ठेवता येईना. पण आधी इंजिनाचं पूर्ण करते.

जोडणीला तीन महिने लागले. क्रँककेस अॅल्युमिनियमची आणि बेअरिंग पोलादाचं. त्याची जागा मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, ठोकून बसवलं तर केस दुखावते. पण अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साठ मिलिमीटरचं भोक ऐंशी अंशांनी तापवलं तर एक दशांश मिलिमीटरहून थोडं जास्त मोठं होतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं. म्हणून केस केकच्या ओव्हनमध्ये आणि बेअरिंग पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये. आईने फ्रीझर उघडला आणि विचारलं, "हे काय आहे ते मी विचारत नाही. मटार कुठे ठेवू तेवढं सांग." ओव्हनमधून केस काढली, पाण्याचा थेंब टाकून बघितला, चुर्रर्र झालं, आणि बेअरिंग आपल्या वजनाने टप्पकन जागेवर जाऊन बसलं. तो आवाज ऐकायला मी पुन्हा एकदा सगळं उघडायला तयार आहे.

सीलं बरोबर बसली आहेत का, हे इंजिन चालू करायच्या आधीच तपासता येतं. सगळ्या खिडक्या रबर लावून बंद करायच्या, एका नळीतून थोडी हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचं. त्यासाठी लागणारा पंप आणि घड्याळ आमच्या घरात होतंच : आईच्या जुन्या बीपीच्या यंत्राचं. अडीचशेपर्यंत दाब चढवला आणि काट्याकडे बघत बसलो, आई आणि मी. काटा हळूच उतरू लागला. साबणाचं पाणी फिरवलं, तर सिलिंडरखालच्या पॅकिंगपाशी बुडबुडे. ते पॅकिंग बदललं. दुसऱ्या वेळी काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही. आई म्हणाली, "माझ्यापेक्षा हिचं बरं आहे."

यंदाच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी इंजिन फ्रेममध्ये गेलं. जावाची गंमत अशी की किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होतो. पहिल्या सहा किक वाया गेल्या. सातव्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि तो आवाज आला. आई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली होती. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली, वर गेली, आणि गिऱ्हाइकाला तिनेच फोन केला, की गाडी द्यायची नाही.

आता त्या वाक्याकडे येते.

आपली आजची यादी दहावीच्या निकालपत्रावरून झाली आहे. समितीने फार कष्टाने ती केली, एकेकाचा पत्ता शोधला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण निकालपत्रात त्यांचीच नावं असतात जे तिथवर पोचले. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन कार्यालयात बसले आणि नववी 'ब' चा त्या वर्षीचा हजेरीपट आजच्या यादीशी ताडून बघितला. सतरा नावं हजेरीपटात आहेत आणि यादीत नाहीत. सतरांपैकी अकरा मुलींची आहेत. त्यांच्या नावापुढे शेरा असा नाही, एका महिन्यापासून नुसत्या रेघा आहेत. त्या मुली त्या वर्षी कुठे गेल्या हे आपल्यातल्या बहुतेक मैत्रिणींना ठाऊक आहे. काहींच्या लग्नात आपण जेवलोही आहोत.

ही माणसं आपल्याबरोबर आठवीत होती, नववीत होती. एकाच नळाला पाणी प्यायली, त्याच सरांचा मार खाल्ला. परीक्षेला न बसल्यामुळे ती आपली वर्गमित्र नव्हती असं ठरत नाही. इंजिन उघडल्यावर मला कळलं की गाडी ज्याच्यावर चालते ते बाहेरून दिसत नाही. तुकडीचंही तसंच असावं. तेव्हा माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली. पुढच्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून न करता आठवीच्या हजेरीपटावरून करावी, सगळ्या तुकड्यांच्या. 'ब' तुकडीची सतरा नावं मी आज लिहून आणली आहेत. त्यातली चार माणसं शोधायची जबाबदारी मी घेते. उरलेल्या तेरांसाठी हात वर करायचे आहेत, जेवणाआधी. त्या मुलींची आडनावं आणि गावं बदललेली आहेत, त्यामुळे हे काम माहेरच्या गावात राहणाऱ्यांनाच जमेल.

दुसरी. शाळेला आपण जो निधी देणार आहोत, त्यातून संगणक कक्षाला नवे संगणक घ्यावेत असा प्रस्ताव आहे. संगणकावर माझं पोट आहे, मी त्याला विरोध कसा करीन? पण त्यातला एक हिस्सा कार्यशाळेला द्यावा. काल मी जाऊन बघितलं. कुलूप आहे, काचेतून लेथ दिसतो, त्यावर जुने बाक रचले आहेत. मुख्याध्यापक म्हणाले की शिकवणारा माणूस नाही. शिकवणारा माणूस कोल्हापूरला आहे. मी त्याला विचारलं, महिन्यातून दोन शनिवार येशील का? तो म्हणाला, "सर परवानगी देत असतील तर बघू." त्याची एकच अट आहे, आणि ती मी न सांगता त्याने घातलेली आहे : पोरीबी आल्या पायजेत. त्याची धाकटी मुलगी त्याच्याच गाळ्यात डायल गेज वाचते.

तर सर, परवानगी तुम्ही द्यायची आहे. तो आज आला आहे का, हे मी मुद्दाम बघितलेलं नाही. निमंत्रण मी घरी जाऊन दिलं होतं, त्यावरही तो 'बघू'च म्हणाला होता, आणि आपल्याकडच्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे. आला असेल तर त्याला पुढे बोलावू नका, त्याला ते आवडणार नाही. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवा.

गाडी टेम्पोतून आणली आहे, मागच्या मैदानात कडुलिंबाखाली उभी आहे. कागदपत्रं व्हायची आहेत, तोवर रस्त्यावर न्यायची नाही, पण मैदानाला एक चक्कर मारायला हरकत नसावी. किक कशी मारायची ते मी दाखवीन. सायलेन्सरला हात लावू नका, तापतो.